सावे सरांचा लाल ठिपका

सावे सरांच्या शोकसभेत चौघे बोलले. सभा म्हणजे आमच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत, फोटोला हार घालून उरकलेला कार्यक्रम. चौघांनीही सांगितलं की सर शांत होते, मनमिळाऊ होते, त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही. मी बोलले नाही, कारण बाहेर माझा ट्रक लागला होता. बोलले असते तर एवढंच सांगितलं असतं की यातलं एकही खरं नाही. सावे सर किरकिरे होते, हट्टी होते, आणि त्यांनी न दुखावलेला माणूस आमच्या कंपनीत शोधायचा तर तो कालच कामाला लागलेला असायला हवा.

आमची कंपनी तारापूरच्या एमआयडीसीत आहे. आम्ही माउंट बनवतो. लोखंडाच्या दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये पक्कं चिकटवलेलं रबर, एवढीच वस्तू. जनरेटर, कॉम्प्रेसर, पिठाची गिरणी, जे काही थरथरतं त्याच्या पायाखाली ती बसते आणि थरथर पुढे जाऊ देत नाही. सावे सर क्वालिटीचे मुख्य होते. तयार माल शेकरवर, म्हणजे हव्या त्या जोराने हलवणाऱ्या टेबलावर, चढवायचा आणि तो पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी स्टोअर आणि डिस्पॅच बघते. त्यांनी अडवलेला माल माझ्या दारात पडून राही आणि गिऱ्हाइकांचे फोन मला येत. आमचे संबंध कसे असतील ते यावरून समजावं.

ते माणसांना नावाने हाक मारत नसत. मी ‘स्टोअर’. शेजारचे ‘अकाउंट’. ‘अहो स्टोअर, तुमच्या कुलरचा पाय हलतोय,’ असं म्हणत ते माझ्या केबिनीत येत, तेव्हा मी कामात आहे की जेवते आहे हे त्यांना दिसत नसे. चालू असलेल्या प्रत्येक वस्तूवर तळहात ठेवायची त्यांना सवय होती. कुलर, झेरॉक्सचं मशीन, बसची खिडकी. हात ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि त्या वस्तूचा एक दोष सांगायचा. दोष नसलेली वस्तू त्यांनी कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

एकदा सरावली नाक्यावर मी शेअर रिक्षात बसले होते. सर समोरून येऊन बसणार, तेवढ्यात त्यांचा हात रिक्षाच्या टपावर गेला.

“तेरे इंजिन का माउंट गया है,” ते रिक्षावाल्याला म्हणाले.

“चलती है ना साहब.”

“चलती है, लेकिन किसको लेके चलती है वो देख. पीछे दो लेडीज के दात बज रहे है.”

त्या दोघींतली एक मी. माझे दात वाजत नव्हते, मी तसं सांगितलंही. पण रिक्षावाला एवढा चिडला की त्याने आम्हा सगळ्यांना तिथेच उतरवलं आणि रिकामी रिक्षा घेऊन निघून गेला. उरलेला रस्ता आम्ही चालत गेलो. सर वाटेत म्हणाले, “बघितलंत, जाताना कशी उडत होती?” त्या दिवशी मी त्यांच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी पालघरजवळच्या माहीमला त्यांच्या घरी जाऊन आले. वाडीतलं बैठं घर, भोवती चिकू, केळी, मागे पानवेली. त्यांची बायको रडून थकली होती, पण बोलायला लागल्यावर थोडी हसलीही. “फ्रीजखाली त्यांनी तुमच्या कंपनीच्या त्या चार रबरी गाद्या लावल्यात. आता आवाजच येत नाय. चालू हाय का बंद ते दार उघडून बघावं लागते. दोनदा दूध नासलं माझं.”

हा माणूस असा होता. शांत वगैरे नाही.

अंतराळाचं काम आमच्याकडे आलं ते काही आम्ही मोठे झालो म्हणून नव्हे. छोटे उपग्रह बनवणारी दक्षिणेतली एक नवी कंपनी होती. तिला थोडेच माउंट हवे होते, आणि एवढ्याशा मालासाठी मोठे कारखाने दारात उभं करत नव्हते. आमच्या मालकांनी हो म्हटलं. मालक म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. माणूस वाईट नाही, पण उत्साही आहे, आणि कारखान्यात उत्साही मालकाचा त्रास खालच्यांना होतो.

मी सरांना विचारलं होतं की आकाशात गेल्यावर गाद्या कशाला हव्यात, तिथे कुठे खड्डे आहेत. ते म्हणाले, “वर गेल्यावर त्याला कोणी बोट लावत नाही. जे व्हायचं ते निघतानाच होतं.” मग नेहमीप्रमाणे त्यांनी माझ्या केबिनीत न बोलावता शिकवणी सुरू केली. “तुमच्या घरी मिक्सर लावला की मांडणीवरची एकच ताटली वाजते ना?”

“हो. ती कलती आहे.”

“कलती असो की सरळ, प्रत्येक वस्तूची हलण्याची आपली एक चाल असते. मिक्सरची चाल तिच्या चालीशी जुळली की ती वाजते, बाकीच्या गप्प बसतात. रॉकेट निघतं तेव्हा त्यात सगळ्याच चाली असतात. इंजिन हलवतं, शिवाय नुसत्या आवाजानेसुद्धा पत्रा थरथरतो. मग आतल्या पेटीतली एखादी तार, एखादा सोल्डरचा टाका, आपली चाल आली की नाचायला लागतो आणि तुटतो. आपला माउंट त्या पेटीखाली बसणार. थरथर त्याने स्वतःकडे घ्यायची, तापायचं, आणि पेटीला कळू द्यायचं नाही.”

“आणि नाही घेतली तर?”

“तर वर एक महाग दगड फिरेल.”

त्या कामाने सर आणखी किरकिरे झाले. रबर साधं चालत नव्हतं, कारण निर्वातात साध्या रबरातून वाफ सुटते आणि उपग्रहातल्या कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. म्हणून वेगळं रबर आलं, हातमोजे आले, टोप्या आल्या. पावडर लावून येणाऱ्यांना आणि तंबाखू मळणाऱ्यांना शेकरच्या खोलीच्या दारातून परत पाठवलं जाऊ लागलं. कमल नावाची बाई आमच्याकडे रबराच्या कडा कापायचं काम करते. विक्रमगडकडच्या पाड्यावरची, कंत्राटदारामार्फत आलेली, हाताने अतिशय साफ. तिच्याकडून या कामाच्या कडा कापून घ्यायच्या होत्या, म्हणून सरांनी तिला डोक्याला तेल लावून यायचं नाही असं बजावलं.

“तेल नाय लावलां तं डोकां दुखतां माझां,” ती म्हणाली.

“मग रविवारी लाव.”

“रविवारी तुमचां डोकां दुखत नाय म्हणून?”

सगळा विभाग हसला. सर नाही हसले. पण ती तेल न लावता यायला लागली, आणि मनातून त्यांच्यावर धुसफुसत राहिली.

याच सुमारास एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला. मालकांनीच बोलावलेला. सर माहीमचे, बागायतदार घरातले, हे त्याला कुठून तरी कळलं होतं.

“सर, लहानपणी चिकूच्या करंड्या भरताना तुम्ही मध्ये गवत घालत असणार. त्यातूनच ही कल्पना सुचली का?”

“नाही.”

“पण तत्त्व तेच ना? नाजूक वस्तू, मध्ये मऊ काहीतरी...”

“चिकू हापटला तर दुसरा काढतात. इथे दुसरा नाही. तत्त्व तेच कसं?”

“म्हणजे प्रेरणा मातीतली, पण...”

“प्रेरणा ड्रॉइंगमधली. ड्रॉइंग आलं, आम्ही बनवलं.”

पुढच्या आठवड्यात मथळा आला, ‘चिकूच्या करंडीतून थेट अंतराळात’. कँटीनमध्ये महिनाभर सरांना चिकू देऊ केले जात होते. ज्याने पहिला दिला त्याच्याशी ते पुढे कामापुरतंच बोलले.

आता मुद्द्याचं. या कामात एकाच घाण्यातून दोन संच काढायचे होते. प्रत्येकी आठ माउंट, दिसायला डिट्टो सारखे. पहिला संच शेकरवर चढवून, रॉकेट देईल त्याच्यापेक्षा जास्त धक्के देऊन, तो कुठवर टिकतो ते बघायचं. दुसऱ्याला जेमतेम तपासण्यापुरतं हलवायचं आणि पाठवायचं. जो संच धक्के खाऊन टिकला तो कधीच उडत नाही. मला हे उलटं वाटलं.

“ज्याची परीक्षा घेतली तो घरी, आणि ज्याची घेतली नाही तो वर?”

“याच्यावरून त्याचं कळतं,” सर म्हणाले. “सख्खे भाऊ आहेत.”

“माझे दोन दीर सख्खे भाऊ आहेत. एकावरून दुसऱ्याचं काहीही कळत नाही.”

यावर मात्र ते हसले. माझ्या आठवणीत तेवढंच.

धक्के खाल्लेल्या संचावर त्यांनी लाल शाईचा एकेक ठिपका दिला. दुसऱ्यावर ठिपका नाही. वाटीचा पत्रा पातळ असल्याने त्यावर कोरायला ड्रॉइंगमध्ये मनाई होती, आणि पक्की शाई निर्वातात वाफ सोडते म्हणून स्पिरिटने पुसली जाणारी शाई सरांनीच निवडली होती. नंबरही तसल्याच शाईचे, फक्त काळ्या. दोन ट्रे, दोन कपाटं.

सरांची निवृत्ती कधीच झाली होती. मालक दर वर्षी मुदत वाढवत, आणि त्या वर्षीची मार्चमध्ये संपणार होती. सर मुदतवाढीसाठी कोणाच्या मागे लागणारे नव्हते. पण मालकांनी एक कबूल केलं होतं. संच वेळेत गेला तर सर स्वतः तो घेऊन जातील, उपग्रहात बसवताना तिथे उभे राहतील आणि मग पुढच्या मुदतीचं बघू. मुदतीचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांना जायचं होतं.

“मी आयुष्यभर माउंट पास केले हो,” ते मला एकदा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कुलरवर हात ठेवला नव्हता, सरळ खुर्चीवर बसले होते. “पण ते कुठे बसतात ते कधी बघितलं नाही. माल गेटबाहेर गेला की संपलं. कोणाच्या तळघरात, कोणाच्या गच्चीवर, देव जाणे. हा एक तरी बसताना बघावा.”

मी म्हटलं, “बघाल की.” दुसरं काय म्हणणार.

खंडेनवमीला सर रजेवर होते. त्यांच्या घरी त्या दिवशी कोयते, कुदळी, पंप यांची पूजा असते. आमच्याकडेही दर वर्षीप्रमाणे सगळी यंत्रं पुसून हार घातले. मालकांना वाटलं, आपला पहिला अंतराळातला माल देवीपुढे ठेवावा. त्यांनी मेंटेनन्सकडून किल्ली घेऊन दोन्ही कपाटं उघडली, दोन्ही ट्रे आणले, आणि ताट लावायचं काम कमलला सांगितलं. पूजेची वस्तू साफ लागते. कमलने स्पिरिटच्या चिंधीने सोळाही माउंट लख्ख पुसले, पितळी ताटात गोल मांडले आणि प्रत्येकावर कुंकवाचा एकेक ठिपका दिला. फोटो काढले, पेढे वाटले. संध्याकाळी कोणीतरी आठ या ट्रेत, आठ त्या ट्रेत ठेवून कपाटं बंद केली.

दसरा झाल्यावर सर आले. त्यांनी कपाट उघडलं, दुसरं उघडलं. सोळाच्या सोळांवर लाल ठिपका, नंबर एकावरही नाही.

त्यांची हाक ऐकून मी गेले तेव्हा कमल आधीच तिथे उभी होती.

“माझे ठिपके कुठे गेले?” सर म्हणाले.

“हायत की सायेब. सगल्यांना लावलेत.”

“आधीचे. शाईचे.”

“ते शाईचे होते?” कमलने माझ्याकडे पाहिलं. “मना वाटलां आधीच्या कुठल्या पूजेचां कुंकू हाय. अर्ध्यांना लागलेलां, अर्ध्यांना ऱ्हायलेलां. म्हणून सगलां पुसून नवा लावला. बरा नाय दिसत अर्ध्यांना.”

आम्ही सगळे थांबलो, आता सर फाडून खाणार म्हणून. ते स्टुलावर बसले. हातमोजे घातलेलेच होते. एक माउंट उचलला, कुंकू बोटाने पुसलं, ठेवला, दुसरा उचलला. मग म्हणाले, “जा, काम कर.” कमल गेली नाही. “जा म्हटलं ना. तुझ्यावर ओरडून शाई परत येणार नाही.”

ते पुढचे दिवस मला चांगले आठवतात, कारण सर त्या दिवसांत कोणाच्या वाटेला गेले नाहीत आणि कारखाना भकास वाटत होता. त्यांनी सोळाही माउंट एकेक करून पुन्हा हळूच हलवले. धक्के खाल्लेलं रबर किंचित ढिलं पडतं, त्याची चाल बदलते, त्यावरून ओळखू येतं. बरेचसे ओळखूही आले. हा इकडचा, हा तिकडचा. पण तीन मधोमध पडले. कुठले ते सांगता येईना.

मालक शेकरच्या खोलीत आले तेव्हा मी रबराच्या नव्या मालाची सही घ्यायला गेले होते.

“तीनच ना?” मालक म्हणाले. “त्यातले त्यात बरे वाटतात ते घ्या आणि संच पुरा करा. दिवाळीआधी पाठवायचंय. आणि सर, खरं सांगू, समजा एखादा धक्के खाल्लेला गेला, तरी काय बिघडलं? उलट तो पक्का. त्याने सगळं सोसून दाखवलंय.”

“सोसलंय म्हणूनच,” सर म्हणाले.

“म्हणजे?”

“सोसलेल्या रबराला बाहेरून काही होत नाही. तसंच दिसतं, तसंच दाबलं जातं. फक्त यापुढे किती सोसेल ते सांगता येत नाही. अजून शंभर वेळा सोसेल, नाहीतर पुढच्याच वेळी सुटेल. म्हणून त्याला ठिपका लावून बसवून ठेवायचं असतं.”

“मग बाकीचे? ज्यांची खात्री आहे ते?”

“ती खात्री मी आज मोजून काढलेली आहे. आधी मला माहीत होतं. दोन्हीत फरक आहे. सगळे बाद.”

मालकांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “नवा संच म्हणजे साचा, भट्टी, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. मार्च उलटून जाईल, सर. तुमचं जायचं ठरलं होतं.”

“मला तारखा कळतात.”

“तुमच्यासाठीच म्हणतोय मी.”

“माझ्यासाठी म्हणू नका. मी काही रॉकेटातून जाणार नाहीये.”

मला वाटतं मालकांना त्या वेळी राग कोणावर तरी काढायचा होता. ते म्हणाले, “ठीक. मग गिऱ्हाइकाला कारण कळवावं लागेल. ज्या बाईने पुसलं तिचं नाव घाला आणि कंत्राटदाराला सांगून तिला आजच बंद करा.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “कारण एकच आहे. खूण पुसली जाते अशा शाईने केली होती. शाई मी निवडली, तेव्हा नाव घालायचं तर माझं. चिंधी कोणाची होती याने काही फरक पडत नाही. आणि चिंधी लिहायची म्हटली, तर ताटही लिहावं लागेल. ताट कोणी मागवलं, कपाट कोणी उघडलं, सगळंच ओळीने येईल.”

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी सहीचा कागद पुढे केला.

कमल राहिली. तिने सरांचे आभार वगैरे मानले नाहीत. मी तिला सांगितलं की तुझ्यासाठी सर मालकांशी भांडले. ती म्हणाली, “माझ्यासाठी कशाला भांडंल तो? त्याला भांडायलाच आवडतां.” हेही खरंच होतं.

गिऱ्हाइकाने आदळआपट केली, पण थांबलं. यावेळी सरांनी प्रत्येक माउंटला बारीक तारेने पत्र्याचा बिल्ला बांधायची पद्धत बसवली. माउंट उपग्रहात बसवायच्या आधी बिल्ला काढायचा, आणि काढताना दोघांनी बघायचं. नवा साचा आला. रबराचा पहिला घाणा त्यांनी नापास केला, दुसराही केला. मालक एकदा कुरकुरत म्हणाले की सर मुद्दाम लांबवतायत, मुदत वाढावी म्हणून. हे सरांच्या कानावर गेलं. त्यांनी मुदतवाढीचा विषय स्वतःच बंद केला आणि मार्च संपताना घरी गेले. तोवर तिसरा घाणा भट्टीतून निघून नुसता मोजून झाला होता, हलवायचा बाकी होता. निरोपाला शाल, नारळ, आणि एक भाषण झालं ज्यात चिकूचा उल्लेख होता. सरांनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं की कँटीनमधल्या पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे आणि तो एक दिवस कोणाच्या तरी डोक्यात पडेल.

त्यांच्या जागी पालघरचा एक मुलगा आला. हुशार, व्यवस्थित, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. त्याने चाचण्या नीट पार पाडल्या, सही केली. संच घेऊन जायचं, बसवताना उभं राहायचं, हे आता ओघानेच त्याच्याकडे आलं.

पुढे तो उपग्रह गेला. आम्ही कँटीनमध्ये कोणाच्या तरी मोबाइलवर बघितलं. धूर, आवाज, आणि मग नुसतं आकाश. पेटी चालू आहे असं काही दिवसांनी कळवण्यात आलं. मी सरांना फोन केला तर त्यांच्या मागे पंपाचा आवाज येत होता. “निघताना टिकली ना? मग झालं,” ते म्हणाले आणि पंपाच्या बेअरिंगबद्दल बोलायला लागले. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. झोपेत, असं म्हणतात.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या बरंच आधी, संच निघाला त्या दिवशी. पावसाळा नुकताच संपला होता. आदल्या दिवशी मी त्यांना सहज कळवलं होतं की उद्या सकाळी जातोय. ते येतील अशी माझी अपेक्षा नव्हती. सकाळी गेटवर गेले तर ते स्कूटर लावून उभे. वॉचमन नवा होता, त्याने ‘किससे मिलना है’ विचारलं. सरांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “स्टोअर.”

आत यायला ते तयार नव्हते. मी संचाची पेटी आणून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, “बंद पेटीत काय बघायचं?” व्हॅन आली. पुढे ड्रायव्हर रामआसरे आणि मी, कारण विमानतळावर कागद मला करायचे होते. मागे नवा क्वालिटी, पेटी मांडीवर घेऊन. सरांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, वाकून चाकं पाहिली आणि रामआसरेला खाली उतरवलं.

“हवा ज्यादा है. थोड़ी निकाल.”

“साहब, कल ही भराई है.”

“इसीलिए बोल रहा हूँ.”

रामआसरेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काढ. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं. चारही चाकांतून थोडी थोडी हवा फुसफुसत गेली. मग सरांनी हेल्मेट घातलं, स्कूटर चालू केली आणि आमच्या पुढे निघाले.

मला वाटलं, बोईसरच्या बाजूला वळतील, तिथून माहीमला. ते वळले नाहीत. चिल्हारच्या रस्त्याला लागले. तो रस्ता पावसानंतर कसा असतो ते इथल्या कोणालाही सांगायला नको. सर पुढे, एका संथ वेगात, मान थोडी खाली घालून. खड्डा आला की आधीच इंडिकेटर लावून बाजूला होत, हात मागे करून तळव्याने ‘इकडून’ असं दाखवत, आणि रामआसरे शिव्या घालत का होईना पण त्यांच्या मागोमाग वळत होता. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले आणि ओव्हरटेक करून गेले. नव्या क्वालिटीने मागून हळूच विचारलं, “मॅडम, हे आपल्यासाठी चाललंय?” मी म्हटलं, “पेटी धर नीट.”

रस्त्याच्या धक्क्यांनी त्या माउंटांचं काहीही बिघडणार नव्हतं. ते ज्यासाठी बनवले होते त्यापुढे हे खड्डे म्हणजे काहीच नाही. हे सरांना माझ्यापेक्षा आणि त्या मुलापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चिल्हार फाट्याला हायवे लागतो. तिथे ते डाव्या कडेला थांबले, एक पाय जमिनीवर टेकवून. रामआसरेने व्हॅन हळू केली. मला वाटलं, काचेजवळ येतील, मुलाला काही सांगतील. त्यांनी फक्त हात हलवून पुढे जा म्हटलं, रिकाम्या रस्त्यावरचा पोलिस करतो तसं. आम्ही हायवेला लागलो. मी आरशात पाहिलं. ट्रक जात होते आणि मधल्या फटीतून ते दिसत होते, हेल्मेट काढून हातात धरलेलं, घामाने केस चिकटलेले. आमच्याकडे बघत नव्हते. व्हॅनच्या मागच्या चाकांकडे बघत होते.